तिसऱ्या पानावरचा खुलासा

आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षी, मार्गशीर्षातल्या एका बुधवारी सकाळी सव्वाआठ वाजता कोल्हापुरातल्या एका प्रसूतिगृहात मला मूल झालं. ते पोटातच गेलेलं होतं. त्याच दिवशी दुपारी चारला निघालेल्या आमच्या सायंदैनिकाच्या तिसऱ्या पानावर मला अपत्यप्राप्ती झाल्याची आणि बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याची बातमी होती. त्या बातमीचं प्रूफ मीच तपासून पास केलं होतं.

मी त्या दैनिकात मुद्रितशोधक होते. काम सकाळी आठला सुरू होई, अडीचला शेवटचं पान मशीनवर जाई. अक्षरांचे शिशाचे खिळे हाताने जुळवण्याचे दिवस होते. जुळलेल्या मजकुराचा लांबट पट्टीसारखा ठसा माझ्याकडे येई. मी चुका समासात काढून देई, दुरुस्त ठसा पुन्हा पाही आणि खाली ‘ओके’ लिहून सही करी. सही झालेला मजकूर पुन्हा कोणाला दाखवायचा नाही, सरळ पानात घ्यायचा, असा प्रेसचा नियम होता. नियम चांगला होता. त्यामुळे अंक वेळेवर निघे.

आम्ही गंगावेशीजवळ दोन खोल्यांत राहत होतो. नवरा बिद्रीच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होता. हंगाम सुरू झाला की तो तिकडेच राही आणि आठवड्यातून एकदा येई. घरी मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्ती म्हणत असे. पहिलं बाळंतपण माहेरी, आजऱ्याला, व्हायला हवं होतं. पण माझी आई आधीच्या वर्षी वारली होती. आत्तींनी पाचव्या महिन्यातच सांगून टाकलं, “हितंच व्हईल. मी काय मेली न्हाय.”

आत्तींचा एक दंडक होता. मूल हातात येईपर्यंत त्याच्यासाठी काही करायचं नाही. शेजारणीने टोपडं विणायला घेतलं तेव्हा त्यांनी सुया काढून तिच्या हातात परत दिल्या. पाळणा माळ्यावर होता, तो उतरवू दिला नाही. दुपट्यांसाठी त्यांनी स्वतःची तीन जुनी लुगडी धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवली होती. पण फाडली नव्हती.

“फाडायला किती वेळ लागतोय?” त्या म्हणत. “आलं की फाडू. कापड कुठं पळून चाललंय?”

सातव्या महिन्यात त्यांनी ओटी भरली. नवरा त्या दिवशी उसाच्या दोन गाड्यांच्या वजनावरून वाद झाला म्हणून संध्याकाळी उशिरा पोचला. आत्तींनी त्याला ताट वाढलं आणि म्हणाल्या, “बायकोच्या डोहाळजेवणाला शिळं खाणारा तू पयलाच.”

प्रेसमध्ये खिळे जुळवणारे सहा जण आणि त्यांच्यावर एक फोरमन. फोरमन पंचावन्नच्या पुढचे, करवीरच्या एका खेड्यातून सायकलने येणारे. त्यांना सगळे मामा म्हणत, मीही म्हणे. दर पौर्णिमेला ते वाडीला दत्ताच्या दर्शनाला जात आणि माझ्यासाठी कवठाची बर्फी आणत. मी पोटुशी असल्याचं कळल्यापासून त्यांनी मला खिळ्यांच्या खोलीत येऊ दिलं नाही. शिशाची धूळ वाईट, प्रुफं बाहेर आणून देतो, म्हणाले; आणि ती आणून देत राहिले.

रोज अकराच्या सुमारास गुळाचे बाजारभाव यायचे. आकड्यांत चूक राहू नये म्हणून मी ते मोठ्याने वाचत असे. सहाव्या महिन्यापासून भाव वाचायला लागले की पोटात हालचाल होई. आधी मला तो योगायोग वाटला. पुढे मामांनाही ते कळलं, कारण मी वाचता वाचता थांबत असे.

“लाथा घालतंय व्हय? मग अडत्या हुतंय बघा,” ते म्हणत. “भाव पटंना त्येला.”

आठव्या महिन्यात टेबल आणि खुर्ची यांच्यात मी मावेनाशी झाले. एकाने सुचवलं, ताई आता कागद पोटावरच ठेवून वाचतील, तेवढीच टेबलाची बचत. मामांनी त्याला झापलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच हसत टेबल वीतभर पुढे सरकवलं.

त्याच आठवड्यात, अंक सुटल्यावर, ते एक प्रूफ घेऊन आले.

“ताई, एवढं एक ऱ्हायलंय.”

चार ओळी होत्या. माझं नाव, ‘या दैनिकाच्या मुद्रितशोधक’, आणि पुढे पुत्ररत्न झाल्याचं, बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं. सगळ्या कर्मचाऱ्यांतर्फे अभिनंदन. आत सहा जण काम थांबवून ऐकत होते.

“मामा, मुलगाच हे कोणी ठरवलं?”

“खात्यानं. एकमतानं.”

“आणि मुलगी झाली तर?”

“तर मोडून परत जुळवू की. खिळं काय कमी पडत्यात?”

मी ‘पुत्ररत्न’ खोडलं. पुढचा शब्द समासात लिहायच्या आधी थोडी थांबले. जागा रिकामी ठेवायला हवी होती. एरवी जन्माची बातमी आधी जुळवून ठेवताना ती जागा मोकळी ठेवतात, म्हणजे बातमी पूर्ण करायला कोणाला तरी विचारावंच लागतं. मी ‘अपत्य’ लिहिलं. मजकूर पुरा झाला. खाली ‘ओके’ लिहिलं आणि सही केली. हात रोजच्यासारखाच चालला.

मामांनी वाचून पाहिलं. “अपत्य म्हंजे तहसीलदाराकडं अर्ज केल्यावानी वाटतंय.”

“राहू दे. दोन्हीकडे चालतं.”

त्यांनी दुरुस्ती केली, चार ओळी दोऱ्याने बांधल्या आणि दगडी टेबलाच्या कोपऱ्यात, तयार मजकूर ठेवत तिथे ठेवल्या. हे मी घरी आत्तींना सांगितलं नाही.

नववा लागून आठ दिवस झाले होते. मंगळवारी मी नेहमीप्रमाणे गुळाचे भाव वाचले. शेवटपर्यंत वाचले, मध्ये थांबले नाही. यादी संपल्यावर ते लक्षात आलं. सोमवारी थांबले होते का, ते आठवेना. मी उरलेली पानं पाहिली. अंक अडीचला सुटला. तीन वाजता घरी गेले आणि आत्तींना सांगितलं.

“झोपलं आसंल,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून उठल्या आणि चपला घातल्या.

डॉक्टरीणबाईंनी नळी लावून पोट चार ठिकाणी ऐकलं. मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनीही ऐकलं. मला तिथेच ठेवून घेतलं. बुधवारी सकाळी मूल झालं. ते रडलं नाही आणि मला दाखवलं नाही. कारण काय ते त्या वेळी सांगता आलं नाही. दवाखान्याच्या कार्डावरही ते लिहिलेलं नाही.

नवऱ्याला कारखान्यावर फोन केला होता. तो साडेदहाला पोचला. आत्तींनी घरून एक लुगडं मागवलं होतं. ते फाडताना मी ऐकलं. अर्ध्या लुगड्यात मूल गुंडाळून नवरा आणि त्याचा चुलतभाऊ गेले. ते एकच्या आत परत आले. नवऱ्याच्या विजारीला गुडघ्यापर्यंत माती होती. ती त्याने बाहेरच्या नळावर धुतली आणि मग डॉक्टरांच्या टेबलावरून माझ्या ऑफिसला फोन लावला.

तो काय बोलला ते मी खाटेवरून ऐकलं. “बाळंत झाली. सकाळी. ती बरी आहे. महिनाभर यायची नाही.” पलीकडून काही विचारलं गेलं असावं. तो म्हणाला, “हो,” आणि फोन ठेवला. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाला, पलीकडचा माणूस खूश झाला होता, मला पुढचं सांगता आलं नाही.

पाचच्या सुमारास व्हरांड्यात सायकल लावल्याचा आवाज आला. दार अर्धं उघडं होतं. आत्ती बाहेर बाकावर बसल्या होत्या.

“पावणं, कुणाकडं?”

“प्रेसातल्या ताईंकडं. तुमी सासू न्हवं का? घ्या, पयला पेढा तुमचा. आन् आता सांगा, काय झालं? त्या बाबानं फोनवर पोरगं का पोरगी बी सांगिटलं न्हाई.”

आत्तींनी पेढा घेतला नाही.

“तोंड कडू करू नगासा. पोरगी आसली तर बी पेढंच हायत, जिलबी न्हाय आणली.”

“पेढं पिशवीत ठेवा, पावणं.”

“का? ताई झोपलीय व्हय?”

“ती हाय. बाळ न्हाय.”

सायकलवर बसून गेल्याचा आवाज आला नाही. मामा ती हाताने ढकलत फाटकापर्यंत गेले असावेत. बाकावर त्यांचा अंक राहिला. आत्तींना वाचता येत नव्हतं. कांजीची वाटी खाटेवर ठेवताना चादर खराब होऊ नये म्हणून त्यांनी तो अंक माझ्यापुढे पसरला. तिसरं पान वर होतं. शाई अजून बोटाला लागत होती.

मी चार ओळी वाचल्या. मजकुरात चूक नव्हती. मी पास केला होता तसाच छापला होता.

गुरुवारी सकाळी मी नवऱ्याला म्हटलं, “काल काय होतं? मुलगा की मुलगी?”

त्याने आईकडे पाहिलं.

“कशाला इचारतीस?” आत्ती म्हणाल्या. “नाव न्हाय ठेवलं, तोंड न्हाय बघितलंस. कळलं की ध्यानात ऱ्हातं. माझी दोन गेली, मला कुणी सांगिटलं न्हाई. बरंच झालं.”

त्यांची दोन गेली होती हे मला तोवर माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नसावं. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

मी अंक पुढे केला. “हे खोटं छापलंय. माझ्या सहीनं गेलंय. खुलासा द्यावा लागेल, आणि खुलाशात अपत्य लिहून चालणार नाही. मला खरं काय ते पाहिजे.”

“पेपरात घालतीस?” आत्ती म्हणाल्या. “गावाला वाचायला?”

“गावानं हे वाचलंय, आत्ती.”

नवरा खिडकीशी गेला. तिथून, पाठमोराच, म्हणाला, “मुलगी.”

आत्ती ट्रंकेतून आणलेलं उरलेलं अर्धं लुगडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी त्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. मग म्हणाल्या, “हाताला जड हुती.”

मी कार्डाच्या मागच्या बाजूवर खुलासा लिहिला, तो नवऱ्याने वेगळ्या कागदावर उतरवून घेतला. बिद्रीची गाडी पकडण्याआधी त्याने तो प्रेसमध्ये दिला. संपादकांनी निरोप पाठवला की खुलाशाची गरज नाही, लोक समजून घेतात. तुमचा आग्रह असेल तर छापू. मी आग्रह असल्याचं कळवलं.

शुक्रवारी सकाळी नऊला मामा प्रूफ घेऊन आले. आत आले नाहीत. कागद आत्तींच्या हाती दिला आणि दाराबाहेरून म्हणाले, “ताई, ‘जन्मतः मृत’ ठिवायचं का काढायचं? काढलं तर चार वळीत बसतंय.”

“ठेवा, मामा.”

“ठिवतो.”

मी प्रूफ दोनदा वाचलं. दुरुस्ती नव्हती. सही केली. आत्तींनी तो कागद बाहेर नेऊन दिला आणि बुधवारच्या पेढ्यांची पिशवी घरी नेली का, हे मामांना विचारलं. मामा म्हणाले, सायकलच्या हँडलला तशीच लटकतीय.

खुलासा त्या दिवशीच्या अंकात तिसऱ्या पानावर, बुधवारच्या बातमीच्याच जागी आला. पाच ओळी होत्या. ‘कन्या’ हा शब्द दुसऱ्या ओळीत आहे.