अक्काच्या गुडघ्याइतकं पाणी

पुराची रेघ मारायला मी, सरकारी ओव्हरसियर, टेप न घेताच गेलो होतो. एका हातात लाल रंगाचा डबा, दुसऱ्यात ब्रश, आणि मोजायला काहीच नाही.

धुळ्याजवळ पांझरेच्या काठावरची एक गल्ली. पूर नुकताच ओसरला होता. घराघरात पाणी कुठवर चढलं तिथे रेघ मारायची. रेघ कमरेच्या वर गेली, की त्या घराला माळावर नवा प्लॉट. टेप नाही म्हणून मी लोकांनाच विचारत सुटलो. जो तो टाचा उंचावून हात वर करी. एक गृहस्थ तर खाटेवर चढले.

अक्का तेवढी खाली वाकली. आधीच ठेंगणी बाई, तिने पाणी इथवरच म्हणून आपल्याच गुडघ्यावर चापट मारली. "आठलोंग. पानी येस, पानी जास. तू चहा पे, भाऊ."

शेजारच्या भिंतीवर चिखलाचा डाग छातीला लागत होता. अक्काच्या भिंती मात्र कोऱ्या. कानबाईचा सण आठवड्यावर आला म्हणून तिने चुना फासला होता. शेजारी छातीएवढं पाणी इथे येऊन गुडघ्यावर कसं बसलं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी तेव्हा दुसरा कप पीत होतो. रेघ गुडघ्यावर मारली.

गल्ली माळावर गेली, अक्का राहिली. विधवा, मूलबाळ नाही. पण तिचं घर भाऊबंदांचं मूळ घर, म्हणून श्रावणात त्यांची कानबाई देवी तिथेच बसायची. त्या दिवशी सगळे नैवेद्याचे रोट खायला जमत, सुना तिच्या पाया पडत. एरवी तिच्या दारात दोघंच येत, नदी आणि मी.

"मी माळवर गवू, तं कानबाई देरकडे जाई," तिने एकदा सांगितलं. तेव्हा रेघ वर न्यायला हवी होती. टेप घेऊन मी गेलोही. तिने चहात आलं जास्त टाकलं.

मग एका श्रावणात, नेमक्या कानबाईच्या रविवारी दुपारी, धरणाचं पाणी सोडल्याचा वायरलेस आला. मी धापा टाकत पोचलो. "अक्का, ऊठ!"

तिने रेघेकडे बोट केलं. "तूच मारेल शे ना? आठलोंगच येई."

"ती रेघ खोटी आहे, अक्का."

"माले नही माहीत का?" ती हळूच म्हणाली. जागची हलली नाही.

शेवटी भाऊबंदांनी कानबाई उचलली, तेव्हा तिच्यामागून अक्का निघाली. माझ्या सांगण्यावरून नव्हे. संध्याकाळी पुरात घर बसलं.

माझ्या रेघेमुळे तिला प्लॉट नव्हता. ती दिराच्या ओट्यावर राहू लागली. पुढची कानबाई दिराकडे बसली. अक्का दाराशी, पाहुण्यांच्या चपलांजवळ. मला बघून म्हणाली, "चहा पे," आणि घरात कोणी ऐकलं का ते बघत राहिली. कोणी ऐकलं नव्हतं. त्यापुढची कानबाई तिने पाहिली नाही.

नंतर माझ्या जागी नवा ओव्हरसियर टेप घेऊन आला, मी त्याला गल्ली दाखवत होतो. अक्काच्या घराची एकच भिंत उभी होती, आणि तिच्यावर गुडघ्याएवढी लाल रेघ. तो हसला. "ही कोणी मारली?"

अक्काचा दीर शेजारीच होता. त्याने माझ्याकडे मान उडवली.

"ह्या सायेबनी. अक्कानं म्हननं इतलं तं तिना नवरानी बी कधी ऐकं नही."