रांगेबाहेरचा हंडा

कुमुदताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, याचा मला झालेला आनंद कागदावर मावायचा नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. गौरवग्रंथातल्या या लेखाचं शुद्धलेखन नातीनं, प्राजक्तानं तपासलंय. बाकी सगळं माझं.

कुमुदताई गारखेड्यात आमच्यासमोर राहायला आल्या, तेव्हा आजूबाजूला ज्वारी होती. सामान म्हणजे एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि कागदांच्या गुंडाळ्या. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. एकट्या बाईनं खोली घेऊन राहायचं, सुट्टीत फर्दापूरला मुक्काम करून अजिंठ्याच्या लेण्यांची चित्रं काढायची, हे गल्लीला पचत नव्हतं. मलाही नव्हतं. पण पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "वहिनी, तुमचं कपाळ चित्रात काढण्यासारखं आहे." माझ्या कपाळाकडं आमच्या ह्यांनीसुद्धा कधी नीट बघितलं नव्हतं!

मग ज्वारी गेली, प्लॉट पडले, घरं झाली. माणसं वाढली, पाणी नाही वाढलं. त्यात लागोपाठ दोन वर्षं पाऊस नाही. दर चौथ्या दिवशी टँकर यायचा. हंड्यांची रांग लावायचं काम माझ्याकडं, हातात काठी. माझा दरारा होता, खोटं कशाला सांगू.

कुमुदताई खिडकीत बसून तांब्यात ब्रश खळखळवायच्या, ते मला समोरून दिसायचं. डोकं तापायचं. एकदा भर रांगेतून त्यांचा हंडा उचलून मी कडुलिंबाखाली ठेवला.

"काय झालं, वहिनी?"

"लेकरं तहानलेली हायेत, आन् तुम्ही पाण्यात रंग कालवता व्हय? आज तुम्हाला नाय मिळायचं."

"रंगच प्या म्हणावं!" मागून कुणीतरी बोललं. बायका लई हसल्या. मीही हसले. कुमुदताईंनी रिकामा हंडा उचलला आणि त्या घरात गेल्या.

माझी संगीता चित्रकलेच्या परीक्षेसाठी रोज त्यांच्याकडं बसायची. फी नाही, काही नाही. आज तिला दारातूनच परत पाठवतील, असं वाटलं. ती येईना, म्हणून बघायला गेले. पोरगी मांडी घालून रंगवत होती. शेजारी तोच तांब्या, पाणी गढूळ.

"हे कसलं पाणी गं?"

"डाळ-तांदूळ धुतलेलं. बाई गाळून ठेवतात. चांगलं पाणी रंगाला घेतच नाहीत, आई."

कुमुदताई म्हणाल्या, "बसा ना, वहिनी. आज चहा मात्र नाही ठेवता येणार."

मी बसले नाही. माझ्या घरी पिंप काठोकाठ भरलेलं होतं. एक कळशी नेऊन द्यायला काय झालं होतं? नाही दिली. देताना काय बोलायचं, तेच सुचेना. नंतर कित्येकदा आमची भांडीकुंडी, लोणची, पापड इकडून तिकडं गेले. ती गोष्ट तेवढी कुणी काढली नाही.

यंदा शहरातल्या कमावत्या बायकांनी एका कलादालनात संध्याकाळी कार्यक्रम ठेवला होता. आपल्या भागात सगळ्यांच्या आधी चित्रं काढणाऱ्या बायकांचा सन्मान. मला प्राजक्ता घेऊन गेली. सगळं हळदीकुंकवासारखंच, फक्त कुंकवाच्या जागी एकमेकींना नाव-नंबराची कार्डं द्यायची. मला लई मजा वाटली. मीही चार कार्डं घेतली.

फिरत फिरत कुमुदताईंच्या चित्रापुढं आले, आणि पाय जागीच थांबले. हंड्यांची रांग. काठी घेतलेली बाई, कपाळ माझंच. आणि कोपऱ्यात, कडुलिंबाखाली एकटा हंडा.

"मॅडम, ही काठीवाली कोण?" एका पोरीनं विचारलं. बायका गोळा झाल्या. कुमुदताईंनी माझ्याकडं बघितलं. आता सांगणार, असं वाटून मी प्राजक्ताचा हात धरला.

"या आमच्या वहिनी," त्या म्हणाल्या. "चार-चार तास उन्हात उभ्या राहायच्या. यांच्यामुळं गल्लीत पाण्यावरून कधी डोकी फुटली नाहीत."

टाळ्या पडल्या. आणि मी काय केलं? हात जोडले. हसले. चित्राशेजारी उभी राहून फोटोसुद्धा काढून घेतला. त्या कोपऱ्यातल्या हंड्याचं कुणीच विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

"आजी, गौरवग्रंथात असलं लिहीत नसतात," हे तपासताना प्राजक्ता म्हणाली. पण कुमुदताईंचं मोठेपण मी दुसरं कुठून आणू?

कुमुदताई, त्या दिवशी तुमचा हंडा मी रांगेतून काढला. चूक माझी होती. तोंडानं सांगायला जमलं नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहून देते. तुमचे डोळे, तुमचा हात असेच चालत राहोत, गुडघे धड राहोत, भरपूर आयुष्य मिळो. आणि त्यातला एक दिवस काढून माझ्यावर चांगलं रागवा. तेवढं तुमच्याकडून राहून गेलंय.