डीएलएल मागे राहिली होती

अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनही चुकलं असेल. चौथीपर्यंतच शिकले. माझ्यापुरतंच लिहिते आहे, तरी माफ करा.

"हिनंच कायतरी दाबलं! टेबल पुसाले सांगितलं तं कॉम्प्युटर बिघडून ठेवला."

बुलढाण्याच्या कॉम्प्युटर क्लासात, पोरं आणि त्यांच्या आईबापांसमोर सर असं बोलले. एका पोरीचा प्रोग्राम सरांच्या मशीनवर दाखवायचा होता. चालू होईना. डीएलएल नावाची फाइल सापडत नाही, अशी चौकट पडद्यावर यायची. मी कोपऱ्यात झाडू धरून उभी.

"अशा लोकायले मशीनजवळ येऊच काऊन देता?" कोणाचा तरी बाप म्हणाला. सगळे हसले.

त्या दिवसापासून मला लॅबबंदी. नुसता जिना झाडायचा. पगारातून दुरुस्तीचे म्हणून सातशे कापले. त्या महिन्यात घरात तेल आणलं नाही.

आणि मला कारण माहीत होतं. काचा पुसताना सरांचं शिकवणं चार वर्षं ऐकलं होतं. इम्पोर्ट लायब्ररी म्हणून एक वेगळी फाइल असते, तिच्यात नुसती नावं, कोणतं काम कोणत्या डीएलएलमध्ये आहे एवढंच. ती प्रोग्राम बांधताना, म्हणजे तयार करताना लागते. खरं काम डीएलएलमध्ये. ती प्रोग्राम चालवताना हजर लागते. शेतातल्या निंदणाचंही तसंच. मुकादमाच्या वहीत बायांची नावं असली म्हणून वावर निंदलं जात नाही, बाया याव्या लागतात. पोरीनं पेनड्राइव्हवर नुसता प्रोग्राम आणला होता. डीएलएल तिच्या मशीनवरच राहिली. सरांनाही कळलं असणार. पाहुण्यांसमोर माझ्यावर ढकललं. मी तोंड उघडलं नाही. जिन्यावर बसून स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतलं.

महिन्यानं एका पोराच्या प्रोग्रामला तीच चौकट आली. सरांनी दारातून माझ्याकडं पाहिलं. मी महिनाभर आत पाऊल टाकलं नव्हतं. आता टाकलं.

"सर, त्यानं नुसता प्रोग्राम आणला. डीएलएल आणून त्याच्या बाजूले ठेवा."

पोरानं आणली. प्रोग्राम चालू झाला.

"वा मावशी! आता तुम्हीच शिकवा, मी झाडतो," सर म्हणाले. पोरं हसली.

मी हसले नाही. "त्या दिवशी मी काहीच दाबलं नव्हतं. माहे सातशे द्या."

"अरे, मजाक केली..."

"मी नाही केली."

सरांनी पाचशेची नोट काढली. मी हात पुढं केला नाही. मग आणखी दोनशे निघाले.

नोटा घेऊन मी म्हणाले, "आईबापायसमोर नाव घेतलं, आता चूक माही नव्हती हे त्यायच्यासमोरच सांगा. तोवर आत बोलावलं तरी मी टेबलाले हात लावत नाही."

सातशे पूर्ण मिळाले. तेवढ्यावर मी गप्प बसणार नाही.