वरचा आणि खालचा

घरसामान हलवणाऱ्यांच्या धंद्यात त्या दोघांना कुणी नावानं हाक मारत नसे. एक वरचा, दुसरा खालचा. कपाट जिन्यावरून उतरवताना वरच्या टोकाच्या माणसाला पुढचं दिसतं. खालच्या टोकाचा उलटा चालतो, त्याला दिसतं फक्त कपाट आणि त्यावरून डोकावणारं जोडीदाराचं थोबाड. म्हणून वरच्यानं बोलायचं आणि खालच्यानं पाय टाकायचा. "पायरी... पायरी... सपाट... डावीकडे वळण." अर्धं आयुष्य दोघांनी असंच काढलं. खालच्यानं कधी मान वळवून मागे पाहिलं नाही. नवशिके पाहायचे, त्यांना तो हसायचा. "मला डोळे कशाला हवेत? माझे वर ठेवलेत," म्हणायचा.

आणि त्या वरच्याला वर्षभरापासून नीट दिसत नव्हतं.

समोरचा चेहरा दिसे, भिंतीवरचं घड्याळ दिसे. पण नजरेच्या कडा गेल्या होत्या आणि खालची बाजू तर पार पुसली होती. डॉक्टरनं काचबिंदू सांगितला, थेंब दिले आणि गेलेली नजर परत येत नाही, हेही सांगून टाकलं. हा मूग गिळून बसला. बोललो तर जोडी मोडणार, काम सुटणार. आणि बायको गेल्यापासून काम आणि खालचा यांच्याशिवाय त्याला उरलं होतं काय? मग त्यानं युक्ती काढली. रिकाम्या हातानं वर जाताना तो जिना पायांनी पाठ करायचा आणि सामान घेऊन उतरताना तो पाठ म्हणून दाखवायचा, अगदी दिसत असल्यासारखा. एकदाही चुकला नाही. तेच वाईट झालं. चुकला असता तर वेळीच वाचा फुटली असती.

जुन्या घराचा अंधारा जिना भिववायला लागला, तेव्हा त्यानं समुद्राकाठी तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. हवा चांगली आहे, असं सगळ्यांना सांगितलं. सामान अर्थातच खालच्यानं हलवलं, आणि हातांपेक्षा त्याचं तोंडच जास्त चाललं. "लोकांची घरं लावता लावता तुझं राहूनच गेलं की रे! चार पातेली आणि एक गादी. एवढ्यासाठी मी टेम्पो आणला?" फ्लॅटला ताज्या रंगाचा वास होता. नळ सोडला की पाणी आडवं उडायचं आणि खिडकी अर्ध्यावर अडायची. आधीचा भाडेकरू एक अवजड लाकडी बाक मागे ठेवून गेला होता, त्यानं अर्धी खोली खाल्ली होती.

दुपारी दोघं किनारा बघायला निघाले. इमारतीमागून एक पायवाट कड्याच्या कडेनं जात होती आणि पुढं दगडी पायऱ्या छोट्याशा खाडीत उतरत होत्या. खालचा पोरासारखा पुढं पळाला. हा कठड्याला हात लावून सावकाश उतरला. मधे एक रुंद पायरी, मग जरा उंच पायऱ्या, मग वाळू. परत येईपर्यंत ती पायाखालची वाट झाली होती.

"जागा झकास आहे," खालचा म्हणाला. "बसायलाच काही नाही. पुढच्या सुट्टीला तुझं ते बाक आणू इथं. जन्मभर लोकांचं वाहिलं, एक ओझं आपल्यासाठी वाहू."

तेव्हा सांगता आलं असतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण खालचा पँट दुमडून पाण्यात उभा होता, खुशीत होता. आज नको, असं यानं ठरवलं. वर्षभर तो रोज हेच ठरवत होता.

त्याच आठवड्यात समुद्र खवळला. खारं पाणी खिडकीपर्यंत उडालं. यानं फटीत फडकं कोंबलं. पायऱ्यांचा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही. जन्म गेला इमारतींच्या जिन्यांवर. आणि इमारतीचा जिना काल होता तसाच आज असतो.

सुट्टीला दोघांनी बाक उचललं. हा वर, तो खाली. खालचा काहीतरी गुणगुणत उलटा उतरत होता.

"पायरी... पायरी... रुंद आहे... पायरी."

खालच्या दोन-तीन पायऱ्या लाटांनी उखडून नेल्या होत्या. उघडा खडक आणि खाली खड्डा. धड डोळ्यांच्या कुणालाही दिसला असता.

"पायरी," वरचा ठणठणीत आवाजात म्हणाला.

खालच्यानं पाय टाकला. त्याच्यामागोमाग बाकही गेलं.

पाठीचा कणा मोडला. पुन्हा चालणं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. भेटायला येईल त्याला खालचा इस्पितळात पडल्या पडल्या एकच सांगायचा, "मीच वेंधळा. दगड निसरडा होता." आणि त्याची बायको याच्यापुढं हात जोडायची. "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून हे हाती लागले. भरतीत वाहून गेले असते." ते ऐकताना याला धरणीनं पोटात घ्यावं असं व्हायचं. तरी तो रोज जायचा आणि तोंडातून ब्र न काढता परत यायचा.

एका दुपारी वहिनी चहा आणायला बाहेर गेली आणि हा बोलला.

"मला दिसत नव्हतं."

"काय?"

"पायऱ्या. पाठ करून बोललो. वर्ष झालं, मला पायाखालचं दिसत नाही."

खालचा शिव्या घालेल म्हणून हा वाट पाहत होता. घालाव्यात असं त्याला मनापासून वाटत होतं.

"म्हणजे ती तिजोरी?" खालच्यानं हळूच विचारलं. "गोल जिन्यावरून उतरवली ती?"

"तेव्हाही."

"आणि तो पियानो? कठडा नव्हता त्या जिन्याला."

"हो."

खालचा छताकडं पाहत राहिला. "पडलो त्याचं मी मनाला लावून घेतलं नव्हतं रे," तो म्हणाला. "पण त्याआधी किती जिने उतरलो आपण."

वहिनी दोन कप घेऊन आत आली. "घ्या भाऊजी, गरम आहे तोवर."

"त्याला नको देऊस," खालचा म्हणाला. "तो निघालाय."