ताटावरचा आडवा हात

ज्यांनी ज्यांनी कराटेची स्वतःची पद्धत स्थापन केली, त्या थोर लोकांत सर्वांत कमी शिष्य माझ्या मास्तरांचे होते. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण तो एकुलता एक शिष्य मीच. न्यूझीलंडला शिकायला गेलो तेव्हा पापाकुरा गावात मी ज्या ताईंकडे खोली घेऊन राहत होतो, त्यांचे हे वडील; मी त्यांना काका म्हणायचो. पुण्याच्या कारखान्यात टर्नर म्हणून निवृत्त झालेले, जपानी पद्धतीचे ब्लॅक बेल्ट. लेकीकडे राहायला आल्यावर त्यांनी गॅरेजमध्ये नवी पद्धत काढली. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कोणी काही शिकवतो म्हणालं की मला नकार देता येत नसे. पहिल्या दिवशी मी वही-पेन घेऊन गेलो.

काकांचा सिद्धान्त साधा होता. "आपला माणूस रोज दोनदा लढतो, पानावर बसून. वाढणारा चाल करून येतो, आपण हात आडवा घालतो. इतका चपळ हात जपानात नाही, लेका!" म्हणून सराव असा, की डाव्या हातात ताट, समोरून भाताचा डाव घेऊन काका, आणि मी उजवा हात आडवा टाकून ओरडायचं, "पुरे!" माझा हात नेहमी उशिरा पोचायचा आणि वाढलेलं टाकायचं नाही, हा काकांचा दुसरा नियम. तीन महिन्यांत मी लढवय्या झालो नाही, पण पॅन्टचं बटण मात्र दोनदा तुटलं. फोनकार्डावरून वडिलांना सांगितलं, "कराटे शिकतोय." ते म्हणाले, "जेवतोस ना पण?"

हिवाळ्याआधी ताईंना गॅरेज गाडीसाठी हवं होतं. "बाबा, हॉल मिळवा नाहीतर पुरे करा आता." गावातल्या हॉलमध्ये प्रात्यक्षिक चांगलं झालं तर दर शनिवारी एक तास मिळणार होता. काकांनी आठवडाभर पोशाखाला स्वतः इस्त्री केली. माझ्याच, कारण लढणार मी होतो.

समोर हेमी नावाचा पोस्टमन, दाराएवढा रुंद. "किया ओरा, ब्रो. रेडी?" त्याने माओरीत रामराम केला. मी अजून विचार करत होतो. त्याचा ठोसा नाकाकडे निघाला आणि माझा हात इमानाने पोटापाशी आडवा झाला, कारण ताट तिथे असतं. डोळे मिटून मी किंचाळलो, "पुरे!" ठोसा नाकापासून बोटभर अंतरावर थांबला. "यू ओके, ब्रो?" मी म्हणालो, "थँक यू." पंचांनी ती शरणागती धरली. हॉल दुसऱ्याच कुणाला मिळाला.

परतताना गाडीत मी माफी मागितली. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "थांबला ना तो?"

"काका, त्याला माझी दया आली."

"कशानेही थांबू दे. थांबला ना?"

गॅरेजमध्ये गाडी आली. मी शिक्षण संपवून नोकरीला ख्राइस्टचर्चला गेलो. दोन वर्षांनी भेटायला आलो तेव्हा काकांची उजवी बाजू आजाराने जवळजवळ लुळी पडली होती. ताई म्हणाल्या, "जेवतच नाहीत नीट, तू वाढ बरं." मी भाताचा डाव पुढे केला. काकांचा उजवा हात मांडीवरून हलला. इतका सावकाश, इतका थरथरत, की तेवढ्यात अख्खं पातेलं रिकामं करता आलं असतं. मी डाव हवेत धरून उभा राहिलो. अखेर तो हात ताटावर पोचला आणि आडवा झाला.

"पुरे," ते म्हणाले. मग वाकड्या ओठांनी हसले. "थांबलास ना?"

"थांबलो, काका."