हातात थांबणारे पत्ते

पक्षाघातानंतर नंदाताईंचा उजवा हात नुकताच हलू लागला होता. आमच्या शेजारच्या या बाई कितीतरी वर्षं टॅरोचे पत्ते वाचून भविष्य सांगत आल्या होत्या, पण आता जुने पत्ते त्यांच्या बोटांतून निसटायचे. म्हणून मी तीन नवे संच घेऊन गेले.

पहिल्याच्या कडा सोनेरी होत्या आणि चित्रं इतकी देखणी, की मी त्यांतच रमले. नंदाताईंनी ते पिसायला घेतले, तर ते गुळगुळीत पत्ते घसरून जमिनीवर पसरले. ते मीच गोळा केले. दुसऱ्याचा कागद पातळ होता, दोनदा पिसताच कोपरे दुमडले. तिसरा संच खादीसारखा किंचित खरखरीत होता आणि चित्रांत मोजक्याच रेषा होत्या.

"हे दिसायला फारच साधे आहेत," मी म्हटलं.

"असू देत. हातात थांबतात."

चित्र डोळ्यांत भरण्याआधी हातात टिकावं लागतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

तेवढ्यात पिसता पिसता तेही सांडले. मी वाकले.

"तू उचलू नकोस गं."

नंदाताई खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसल्या आणि उजव्या हाताने एकेक पत्ता उचलू लागल्या. अठ्ठ्याहत्तर पत्ते. मी शेजारी बसले आणि मदतीला धावणारे माझे हात मांडीखाली दाबून धरले. त्यांच्या कपाळावर घाम आला, पण त्या थांबल्या नाहीत.

शेवटचा पत्ता उचलल्यावर मी विचारलं, "आता माझं भविष्य सांगता?"

"थांब," गठ्ठा पुन्हा उजव्या हातात घेत त्या म्हणाल्या, "आधी मला पिसू दे."