हीसुद्धा पास झाली

सरांनी फळ्यावर लिहिलं, 'ईव्हन शी हॅज पास्ड.' आणि खडूचं टोक माझ्याकडे केलं.

"उभी राहा. अर्थ सांग."

मी उभी राहिले. आठवीत होते. सहामाहीच्या इंग्रजीच्या पेपरात पास झाले होते, त्याच आनंदात शाळेत आले होते.

"ती... तीसुद्धा पास झाली," मी म्हटलं.

"बरोबर. आता हे ईव्हन कुठे लावायचं? ज्याच्याकडून अपेक्षा नसते, तिथे. दगडसुद्धा तरंगला. तसं, हीसुद्धा पास झाली." सर हसले. वर्ग हसला. "कळलं सगळ्यांना? आता परत विसरायचं नाही."

कोणीच विसरलं नाही. पुढे वर्षभर मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "ईव्हन शी!"

त्याआधी त्याच तासाला सरांनी 'ओन्ली' शिकवला होता. त्याच्यासाठी डॉक्टरांचा मुलगा घेतला. ओन्ली ही गॉट फुल मार्क्स. फक्त त्यालाच पैकीच्या पैकी. मग शब्द सरकवून दाखवला. ही गॉट ओन्ली पासिंग मार्क्स. त्याला फक्त पास होण्यापुरते. शब्द तोच. जागा बदलली की माणूस वर जातो नाहीतर खाली येतो. सर शिकवायचे छान, हे मी आजही नाकारत नाही. म्हणूनच जास्त लागलं. कुठला शब्द कोणाला लावायचा, हे त्यांना नीट ठाऊक होतं.

आमचं गाव मालवणच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. आमची वाडी त्याही टोकाला. आडनाव सांगितलं की समोरचा पुढचं काही विचारत नाही, थोडा मागे सरकतो. माझी आई त्याच शाळेत झाडू मारायची. बाबा माझ्या लहानपणीच गेले. घरात आम्ही दोघीच.

त्या दिवशी सर मला उभी करत होते तेव्हा आई बाहेर व्हरांडा झाडत होती. खिडकीतून तिने पाहिलं. आपली मुलगी उभी आहे, सर तिच्याकडे बोट दाखवून बोलताहेत, फळ्यावर इंग्रजी लिहिलंय, सगळी मुलं हसताहेत. आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. तिने ताडलं ते असं, की मुलीचं कौतुक चाललंय. माझी नजर तिच्यावर गेली. ती हसत होती. झाडू छातीशी धरून, तोंडभर हसत होती.

संध्याकाळी खाडीवर जाऊन तिने तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आणल्या. त्यांचं सुकं केलं. शेजारच्या काकीला ओट्यावरूनच चेडवाचं, मुलीचं, कौतुक ओरडून सांगितलं, "मास्तरांनी आज फळ्यार माझ्या चेडवाचां वाक्य लिवल्यानी! सगळ्या वर्गाक वाचूक लावल्यानी! तूय ये गो जेवाक."

तूय ये. तू पण ये. आमच्या बोलीत तो एवढासा 'य' माणसाला जवळ घ्यायला असतो. तूय बस, तूय खा. कुणाला पानावर बसवायचं असलं की लागतो. सरांचा ईव्हन मराठीत आणला तर असाच काहीसा दिसतो, पण तो जवळ घेत नाही. तो दाराबाहेर उभं करतो आणि म्हणतो, बघा, ही कशी आत आली.

मी जेवले. पानातलं सगळं संपवलं. आईने विचारलं, "काय म्हटल्यानी गो मास्तरांनी? अर्थ सांग माका."

"मी पास झालंय म्हणान," मी म्हटलं.

"बरां," ती म्हणाली, आणि माझ्या पानात आणखी वाढलं.

पुढे आई ती गोष्ट सांगत राहिली. लग्नात, बारशाला, तिठ्यावर एस्टीची वाट बघताना. मास्तरांनी फळ्यार माझ्या चेडवाचां वाक्य लिवल्यानी. तिच्या आयुष्यात अभिमानाने सांगायला फार काही नव्हतं. हे एक होतं.

मी इंग्रजीच घेतलं. रागानेच घेतलं. कणकवलीला कॉलेजात गेले, पुढे एम. ए. केलं, परीक्षा दिल्या, कणकवलीतच एका कॉलेजात शिकवायला लागले. तिथेही छोटे शब्द भेटत राहिले. स्टाफरूममध्ये पहिल्याच आठवड्यात एक मॅडम म्हणाल्या, "तुमचं इंग्लिश छान आहे हं, ॲक्चुअली." त्यांना वाईट काही म्हणायचं नव्हतं. त्या ॲक्चुअलीला मात्र म्हणायचं होतं. आडनावावरून त्यांनी जे धरलं होतं, ते खोटं निघाल्याचं आश्चर्य त्या एका शब्दात बसलं होतं. दुसरे एक सर मीटिंगच्या आधी म्हणायचे, "जस्ट खुर्च्या लावून घ्या." ते जस्ट नेहमी माझ्याच वाट्याला यायचं. मोठे शब्द वापरून आता कोणी अपमान करत नाही. त्याला कायदा आड येतो. छोट्या शब्दांना कोणी विचारत नाही.

मग शाळेने बोलावलं. स्नेहसंमेलन होतं, माजी विद्यार्थ्यांचा सत्कार होता. मला जायचं नव्हतं. आईने नवं लुगडं काढलं. "माका बघूचां आसा," म्हणाली. तेवढ्यासाठी गेले.

ज्या शाळेत ती वाकून झाडायची, तिथे आई त्या दिवशी खुर्चीवर बसली. इंग्रजीचे तेच सर, आता रिटायर झालेले, माझी ओळख करून द्यायला उठले. मुंबईहून देणगीदार पाहुणे आले होते, म्हणून शेवटी इंग्रजीत बोलले. "ईव्हन अवर स्वीपर्स डॉटर हॅज बिकम अ लेक्चरर. दॅट इज अवर स्कूल."

झाडूवालीची मुलगीसुद्धा. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आई सगळ्यांत मोठ्याने वाजवत होती. आजूबाजूला बघत, मान हलवत.

मला ते बघवेना. माझ्या आईच्या हातून माझ्याच अपमानाला टाळ्या.

मी माईकपाशी गेले. शाल घेऊन उभ्या असलेल्या बाई थांबल्या. मी म्हटलं, "सर, तुमच्या वाक्यातला पहिला शब्द काढा आणि तेच वाक्य पुन्हा म्हणा."

मंडपातल्या माना माझ्याकडे वळल्या. सरांना आधी समजलंच नाही. मग म्हणाले, "अगं, कौतुकच केलं तुझं. एवढ्याशा शब्दाचं काय घेऊन बसलीस?"

"एवढासाच आहे, तर काढायला जड का जातोय?"

ते पाहुण्यांकडे बघून हसले. वाक्य पुन्हा म्हटलं नाही. मी शाल घेतली नाही, नारळ घेतला नाही. खाली उतरले आणि चालू लागले.

फाटकापाशी आईने गाठलं. धापा टाकत होती. "काय झालां गो? सत्कार टाकून खंय चललंस? लोक काय म्हणतीत?"

या वेळी मी अर्थ सांगितला. आमच्याच बोलीत. "आये, ते म्हटल्यानी, झाडूवालीच्या चेडवाकसुदां जमलां. म्हणजे आमका जमणारां नाय असां तेंका वाटता. तरी जमलां, म्हणान नवल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, कळलं नाही. पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मागे मागे जात होतं, इतकी वर्षं ओलांडून. मग तिने एकच शब्द विचारला.

"तेव्हाय?"

तेव्हाही? मी मान हलवली.

ती फाटकाजवळच्या चिऱ्याच्या गडग्यावर, बुटक्या भिंतीवर, बसली. नव्या लुगड्याचा पदर धुळीत पडला, तिने उचलला नाही. "मी हसलंय गो," ती म्हणाली. "खिडकीतसून मी हसलंय. आनि तू बघलंस माका हसताना." मंडपात पुढच्या सत्काराच्या टाळ्या सुरू झाल्या होत्या. मी तिच्या पायांशी बसले. धुळीतला पदर उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

आई आता ती गोष्ट कुणाला सांगत नाही. काकी एकदा कौतुकाने काढायला गेली, तर उठून आत गेली. मी इंग्रजीत फोनवर बोलत असले की पूर्वी विचारायची, काय म्हणता तो? आता विचारत नाही. अर्थ कळण्याची तिला भीती बसलीय. ती सरांनी बसवली, हे मला ठाऊक आहे, तरी अर्थ सांगणारं तोंड माझं होतं.

सरांचा निरोप आला होता, एकदा घरी येऊन जा, गैरसमज मिटवू. मी गेले नाही. गैरसमज नव्हताच. मला नीट समजलं होतं.

मी जाणारही नाही. हेडमास्तर म्हणाले, पाहुण्यांसमोर शाळेची शोभा झाली. होऊ दे. स्टाफरूममध्ये म्हणतात, फारच मनाला लावून घेते. घेते. यापुढेही घेईन, आणि तिथल्या तिथे, बोलणाऱ्याच्या तोंडावर, मोठ्याने अर्थ सांगेन. जिचा अपमान झाला तिच्या बोलीत सांगेन. ती रडली तरी सांगेन. आमच्यावर हसायचं असेल त्यांनी आम्हाला कळेल असंच हसावं. मग पुढचं आम्ही बघू.